नानूकचा चित्रकार

रॉबर्ट फ्लॅहर्टी मुळात चित्रपटाचा माणूस नव्हे. १८८४ साली अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या खाणमुलखात तो जन्मला आणि १९१० पासून सर विल्यम मॅकेंझी या रेल्वे उद्योगपतीसाठी हडसन उपसागराच्या परिसरात लोहखनिज शोधीत हिंडला. १९१३ च्या सफरीत त्याने कॅमेरा नेला तो केवळ जोडीला. पण खनिजापेक्षा तेथील इन्युइट माणसांनीच त्याला अधिक ओढून घेतले. १९१६ मध्ये टोरांटोत त्याच्याच सिगारेटने सुमारे ३० हजार फूट फिल्म भस्मसात झाली. एक प्रत उरली होती, पण ती त्याला स्वतःलाच निर्जीव वाटे.

पुन्हा जाण्यास पैसा दिला तो रेव्हियाँ फ्रेर या फरच्या व्यापारातील फ्रेंच कंपनीने. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा तपशील नजरेआड करू नये. १९२०-२१ मध्ये इनुकजुआक येथे चित्रित झालेला ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ १९२२ साली झळकला. त्यातील शिकारी हार्पून घेऊन वॉलरसशी झुंजतात. प्रत्यक्षात बंदुका त्यांच्या हाती केव्हाच आल्या होत्या. ग्रामोफोनची तबकडी चावून पाहणाऱ्या नानूकला, म्हणजे अल्लाकारियालाकला, ते यंत्र काही नवे नव्हते. बर्फाच्या घरात उजेड पुरेना, म्हणून अर्धेच घर बांधून त्यात कुटुंबाला निजविण्यात आले.

याला लबाडी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु फिल्म धुण्यास, कॅमेरा सांभाळण्यास हात लावणारे इन्युइटच होते आणि वाडवडिलांची शिकार कशी असे हे त्यांना पक्के ठाऊक होते. खटकते ते निराळेच. पडद्यावर कातड्यांची वखार दिसते, पण कोल्ह्याच्या कातड्याच्या भावावर लोंबकळणारे पोट दिसत नाही.

अल्लाकारियालाक दोनएक वर्षांतच वारला. भुकेने, असे फ्लॅहर्टी सांगे. क्षयाने, असे आता मानले जाते. फ्लॅहर्टी पुढे समोआ, अरान बेटे, ‘एलिफंट बॉय’साठी आपले म्हैसूर असा फिरला, १९४८ च्या ‘लुइझियाना स्टोरी’चा खर्च तेलकंपनीने सोसला. १९५१ मध्ये तो निवर्तला.

इन्युइट मातेपासून झालेल्या मुलाला त्याने कधी पाहिले नाही. १९५५ मध्ये कॅनडा सरकारने त्या मुलाला कुटुंबासह दूर उत्तरेला, ग्रीस फियोर्ड येथे हलविले. तेथे ही माणसे पूर्वीसारखी शिकारीवर जगतील, असा सरकारचा युक्तिवाद होता. या स्थलांतराबद्दल सरकारने माफी मागितली ती २०१० साली. तोवर मुलगाही हयात नव्हता.