नामदारांची रजा

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र मी आजवर तीनदा वाचले. पहिल्या दोन वाचनांत अंदाजपत्रकावरची भाषणे, १९११ चे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक, टिळकांशी झालेले मतभेद हेच ठळकपणे दिसले. तिसऱ्या खेपेला, निवृत्तीनंतर सीवूड्सला राहायला आल्यावर, लक्ष भलतीकडेच गेले. गोखल्यांना मधुमेह होता. मग हा गृहस्थ उपचार घेत होता तरी केव्हा? बँकेत रजेचे अर्ज तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्याचा हा परिणाम असावा.

निमित्त झाले ओळखीतल्या एका मुलीचे. ती इथून लोकलने फोर्टातल्या कचेरीत जाते. तिला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचे आवरण कुरतडते, असा हा विकार. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. दर सहा महिन्यांनी शिरेतून औषध घ्यायला तिचा दिवस इस्पितळात जातो, तपासण्या निराळ्याच. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्याच्या यादीत या विकाराचे नाव आहे. पण कायदा रजेच्या खात्यात शिल्लक टाकत नाही. तिचा प्रश्न साधा होता. सगळी रजा उपचारातच संपली, तर ज्या सकाळी पायच उचलत नाही त्या दिवसासाठी काय उरले?

गोखल्यांच्या खात्यातही हेच दिसते. १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्म, फर्ग्युसनमध्ये प्राध्यापकी, १९०५ मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद आणि त्याच वर्षी भारत सेवक समाजाची स्थापना. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. खरी ओढाताण १९१२ नंतरची. त्या वर्षी ते सरकारी नोकऱ्यांविषयीच्या इस्लिंग्टन आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेलाही जाऊन आले. तिथे टॉलस्टॉय फार्मवर स्टेशनापासून दीड मैल पावसात चालले, सर्दी झाली. तरी सगळे जमिनीवर झोपतात म्हटल्यावर यांनीही खाट नाकारली. माझ्या मते हा निव्वळ हट्ट होता. १९१३ च्या अखेरीस आफ्रिकेतला सत्याग्रह पेटला, तेव्हा अंथरुणातून तारा पाठवणे, पैसे उभे करणे चालू. म्हणजे सक्तीची विश्रांतीसुद्धा कामावरच खर्ची पडली.

१९१४ मध्ये आयोगाच्या कामासाठी विलायतेला गेले असता प्रकृतीसाठी ते फ्रान्सला गेले. एवढीच काय ती रजा. तर ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ते पॅरिसला अडकून पडले! कसेबसे लंडनला परतले, तो तिथे गांधी बरगडीच्या दुखण्याने आजारी. आहाराबाबत डॉक्टर जीवराज मेहतांचे ऐकावे, असा आग्रह गोखल्यांनी गांधींना धरला. दुसऱ्याला पथ्य सांगताना ते मुळीच सौम्य नव्हते. ऑक्टोबरचे धुके सोसवेना, म्हणून मग ते मायदेशी निघाले. मधुमेहावर इन्शुलिन पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले ते १९२२ साली. तोवर पथ्य आणि विश्रांती हेच औषध, आणि त्यातली विश्रांती यांच्यापाशी कधीच शिल्लक नव्हती. आयोगाचा अहवाल पुरा होण्याआधीच ते गेले.

१९१५ च्या आरंभी गांधी पुण्याला आले. भारत सेवक समाजाच्या आवारात सदस्यांसाठी छोटा अल्पोपाहार ठेवला होता: शेंगदाणे, खजूर, ताजी फळे. गोखल्यांच्या खोलीपासून चार पावलांवर. तेवढे अंतरही त्यांना झेपण्यासारखे नव्हते. तरी गांधींवरच्या लोभापोटी ते आलेच, आणि तिथेच त्यांना भोवळ आली. उचलून आत न्यावे लागले. अशा भोवळींची त्यांना सवय होती. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप धाडला, की कार्यक्रम थांबवू नये. १९ फेब्रुवारीला ते गेले. वय अठ्ठेचाळीस.