सार्वजनिक काका

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. पुढे ते पुण्यास आले. तेथे प्रारंभी त्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केली व नंतर ते वकिली करू लागले. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. लोकांची गाऱ्हाणी सरकारच्या कानी घालणे हा तिचा हेतू होता. तिच्यासाठी गणेशपंतांनी इतके कष्ट घेतले, की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले.

त्या काळी आपल्या शेतांत पिकलेला कापूस जहाजांतून इंग्लंडला जाई आणि तेथील गिरण्यांत त्याचे कापड होऊन ते येथेच विकावयास येई. हे कापड तलम असे व स्वस्तही असे. साहजिकच लोक ते आनंदाने घेत. परंतु गावोगावचे माग बंद पडत चालले होते. गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचत खरे, पण विणकराच्या घरची चूल विझत असे.

हे पाहून काका केवळ हळहळत बसले नाहीत. हाताने कातलेले व विणलेले कापडच वापरीन, अशी शपथ त्यांनी १२ जानेवारी १८७२ रोजी घेतली. ते स्वतः सूत कातीत. खादी जाडीभरडी असे; तरी त्यांनी ती अखेरपर्यंत सोडली नाही. देशी मालाची दुकाने निघावीत, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा वस्तू येथेच तयार व्हाव्यात, म्हणूनही ते झटले.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस मोठा दरबार भरला. राजेरजवाडे उंची वस्त्रे व जडजवाहीर लेवून आले होते. सभेचे प्रतिनिधी म्हणून काकाही तेथे गेले, ते शुभ्र खादीच्या पोशाखात! हिंदी लोकांना इंग्रज प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळावेत, अशी मागणी सभेच्या वतीने तेथे मांडण्यात आली. अंगावरच्या साध्या वस्त्रांनी त्या मागणीचे तेज वाढविले.

२५ जुलै १८८० रोजी काका निवर्तले. वंगभंगानंतर १९०५ साली स्वदेशीची चळवळ देशभर पसरली, तेव्हा त्यांच्या शपथेस तेहतीस वर्षे झाली होती.

आज बाजारात कपडे विपुल मिळतात आणि थोडे वापरून टाकूनही दिले जातात. अशा वेळी काकांचे चरित्र मोलाचे वाटते. वस्त्र किती स्वस्त आहे एवढेच न पाहता, ते कोणाच्या श्रमातून आले आणि ते किती दिवस टिकेल, हेही जो पाहतो, तोच खरा जाणता गिऱ्हाईक होय.