पवनार म्हणजे वाकाटकांचं प्रवरपूर, असं ताम्रपटांवरून मांडणारे वा. वि. मिराशी

पवनार म्हटलं की विनोबा भावे आठवतात. धाम नदी, काठावरची टेकडी आणि त्यावरचा आश्रम. वर्ध्याला गेलेला माणूस सेवाग्राम बघतो, मग पवनार बघतो आणि परत फिरतो.

पण याच पवनारबद्दल एका संस्कृतच्या प्राध्यापकाने एक मोठा दावा केला होता. साधारण 1600 वर्षांपूर्वी विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच आजचं पवनार, असा तो दावा. त्या प्राध्यापकाचं नाव महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी.

मिराशी मूळचे कोकणातले. 1893 साली देवगड तालुक्यातल्या कुवळे गावी त्यांचा जन्म झाला. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालं. 1919 मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवायला आले आणि मग विदर्भाचेच झाले. पुढे ते नागपूरला आणि अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात प्राचार्यही होते.

संस्कृतचा माणूस इतिहासात कसा काय शिरला? तर त्याला कारण होते ताम्रपट.

जुन्या काळात राजा एखाद्याला जमीन किंवा गाव दान द्यायचा, तेव्हा त्याची नोंद तांब्याच्या पत्र्यावर कोरली जायची. असे तीन-चार पत्रे एका कडीत ओवायचे आणि कडीला राजाची मुद्रा लावायची. थोडक्यात, तो त्या काळातला सातबारा. शेत नांगरताना किंवा जुनं घर पाडताना हे पत्रे सापडत. पण सापडणाऱ्याच्या लेखी ते फक्त तांबं असायचं. अनेकदा ते थेट मोडीत जायचं आणि त्यासोबत इतिहासाचं एक पानही वितळायचं.

वाकाटकांच्या बाबतीत तर हे फारच महागात पडलं असतं. 19 व्या शतकात या घराण्याचा काळच नीट ठरत नव्हता. इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी त्यांना काही शतकं पुढे ढकललं होतं. नंतर एका तांबटाच्या कुटुंबाकडे असलेला राणी प्रभावती गुप्ताचा ताम्रपट अभ्यासकांच्या हाती लागला. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची सून. बस्स, घराणं थेट 4 थ्या-5 व्या शतकात जाऊन बसलं.

पण त्यांची राजधानी नेमकी कुठे होती, हा प्रश्न उरलाच.

वाकाटकांचे ताम्रपट कोणत्याही शकात तारीख देत नाहीत. राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष चालू आहे, एवढंच सांगतात. मात्र दानपत्र कुठून दिलं, त्या जागेचं नाव बहुतेक वेळा असतं. मिराशींनी याच दोन गोष्टी एकमेकांशेजारी ठेवल्या.

प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन. त्याचा वर्धा जिल्ह्यातल्या जांबचा ताम्रपट 2 ऱ्या वर्षातला आहे, तो नंदिवर्धनहून दिलेला. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. वर्धा जिल्ह्यातल्याच बेलोऱ्याचा ताम्रपट 11 व्या वर्षातला, तोही नंदिवर्धनहूनच. पण अचलपूरजवळच्या चम्मकचा 18 व्या वर्षातला ताम्रपट येतो प्रवरपूरहून. म्हणजे मधल्या 7 वर्षांत राजाने स्वतःच्या नावाचं शहर वसवलं आणि राजधानी तिकडे नेली.

आता हे प्रवरपूर शोधायचं कसं? दानपत्रात गावाच्या चतुःसीमा दिलेल्या असतात. जांबच्या ताम्रपटात उमा नदी आणि मंडुकिग्राम अशी नावं येतात. मिराशींनी ती आजच्या नकाशावर बसवली. उमा म्हणजे वणा नदी आणि मंडुकिग्राम म्हणजे मांडगाव. हिंगणघाट-समुद्रपूर भागातल्या लोकांच्या रोजच्या तोंडातलं हे नाव दीड हजार वर्षांहून जुनं निघालं.

प्रवरपूरसाठीही त्यांनी असाच धागा पकडला. प्रवरपूर हा शब्द बोलीत झिजत झिजत पवनार झाला असावा, हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा मिळाला विनोबांच्या आश्रमात. विनोबा 1938 मध्ये पवनारला आले. तिथली जमीन खणताना जुनी शिल्पं निघू लागली. त्यातलं एक राम आणि भरताच्या भेटीचं, म्हणून आजही आश्रमात त्याचं महत्त्व मोठं आहे. मिराशींनी या शिल्पांत रामायणातले प्रसंग ओळखले. सेतुबंध हे रामकथेवरचं प्राकृत काव्य प्रवरसेनाच्या नावावर आहे. त्यामुळे त्यानेच इथे रामाचं मंदिर उभारलं असावं, असं मिराशींनी मांडलं.

1967 मध्ये नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी केलेल्या या खोदकामात वाकाटककाळासह जुन्या वस्तीचे अनेक थर उघडे पडले.

मिराशींचं काम पवनारपुरतं नव्हतं. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत त्यांनी जोरकसपणे मांडलं. अजिंठ्याच्या 16 व्या लेण्यातला वाकाटकांचा शिलालेख त्यांनी नव्याने वाचला. 1957 साली त्यांचं वाकाटकांवरचं मराठी पुस्तक आलं आणि 1963 मध्ये सगळ्या वाकाटक लेखांचा इंग्रजी खंड. कलचुरी आणि शिलाहारांच्या लेखांचे खंडही त्यांचेच. 1975 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 1985 मध्ये वयाच्या 92 व्या वर्षी ते गेले.

मग प्रवरपूरचा प्रश्न सुटला का? तर नाही. मिराशी गेल्यानंतर, 1990 च्या दशकाच्या अखेरीस रामटेकजवळ मनसरला मोठं उत्खनन सुरू झालं. तिथे भव्य मंदिराचे अवशेष आणि देखणी शिल्पं मिळाली. त्यामुळे खरं प्रवरपूर मनसरच, असं काही संशोधक मानतात. पवनारच्या शिल्पांचा रामायणाशी लावलेला अर्थही सगळ्यांना मान्य नाही.

पण गंमत अशी की, मिराशींचं मत खोडायचं असेल तरी अभ्यासकाला आधी मिराशींनीच वाचून छापलेले ताम्रपट उघडावे लागतात. आणि हा वाद मिटवणारा पुरावा कदाचित एखाद्या शेतात, नांगराच्या फाळाखाली अजून पडून असेल. तो भंगारात न जाता पुरातत्त्व विभागापर्यंत पोचला, तरच प्रवरपूर नेमकं कुठे होतं ते कळेल.