विलिस कॅरिअर

वैशाख लागला की परभणी जिल्ह्यातील पिंगळी गाव उन्हाने तापून निघते. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस काळ्या जमिनी भेगाळून पडतात, पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि दुपारच्या वाऱ्याची झळ तोंडाला चटका देते. अशा वेळी दारांना व खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधून त्यांवर पाणी मारण्याची रीत फार जुनी आहे. हल्ली घरोघरी तेच काम कूलर करतो. कोरडी हवा पाणी झपाट्याने शोषून घेते, पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते आणि खोलीत गारवा येतो. परंतु हाच कूलर श्रावणात लावून पाहावा. हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. ती आणखी पाणी घेत नाही. गारवा तर येत नाहीच, उलट अंथरूण-पांघरूण दमट होते आणि अंगाला चिकचिक सुटते. मुंबईस व कोकणात भर उन्हाळ्यातही हीच गत होते. म्हणजे उन्हाळ्याचा त्रास केवळ उष्णतेचा नसतो. हवेतील पाण्याचाही त्यात मोठा वाटा असतो. हे पाणी मोजावे कसे, वाढवावे कसे आणि हवे तेव्हा काढून टाकावे कसे, हा प्रश्न ज्याने सोडविला, त्या अमेरिकन यंत्रविशारदाचे नाव विलिस कॅरिअर.

त्याचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील अँगोला या गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. आईबापांचे ते एकुलते एक मूल. घरी शेतीची कामे असत, आणि शाळेपूर्वी व शाळेनंतर तीही करावी लागत. विलिसची आई एलिझाबेथ ही मोठी हिकमती बाई होती. घरातील घड्याळ बंद पडले किंवा शिवणयंत्र अडले, तर ती स्वतः ते उघडी, पुशी, तेल घाली आणि पुन्हा चालू करी. मुलगा शेजारी बसून पाहत असे. नऊ वर्षांच्या विलिसला अपूर्णांक काही केल्या समजेनात, तेव्हा तिने सफरचंदे आणावयास सांगितली. ती अर्धी, पाव, अष्टमांश अशी कापली आणि त्या फोडींची बेरीज-वजाबाकी त्याच्याकडून करून घेतली. कठीण प्रश्नाचे तुकडे करून एकेक तुकडा हाताळावयाचा, ही सवय त्याला त्या दिवसापासून लागली, असे तो पुढे आयुष्यभर मानत आला. तो अकरा वर्षांचा असताना ही आई वारली.

पुढचे शिक्षण सोपे नव्हते. घरची स्थिती बेताची होती. माध्यमिक शिक्षण संपल्यावर काही काळ त्याने शिक्षकाची नोकरी केली. नंतर शिष्यवृत्ती मिळवून तो कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याने लोकांच्या अंगणातील गवत कापले, भट्ट्या पेटविल्या, विद्यार्थ्यांचे कपडे धुऊन देणारी एक संस्था चालविली आणि १९०१ साली अभियंत्याची पदवी संपादन केली. लगेच बफेलो येथील एका कारखान्यात आठवड्याला दहा डॉलर वेतनावर तो रुजू झाला. हा कारखाना पंखे व हवा तापविण्याची यंत्रे तयार करी.

वर्षभरातच एक विलक्षण काम त्याच्या हाती आले. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात एक छापखाना होता. तेथे रंगीत चित्रे छापीत. रंगीत चित्र छापताना कागद पुन्हापुन्हा यंत्रातून काढावा लागतो. प्रत्येक खेपेस एकेक रंग उमटतो. आता कागद हा हवेतील पाणी शोषून फुगतो आणि हवा कोरडी झाली की आकसतो. आज पिवळा रंग छापला आणि उद्या दमट हवेत तांबडा छापला, तर तो केसभर बाजूला सरकून पडे आणि सबंध चित्र बिघडे. मालाची नासाडी होऊ लागली. म्हणजे हे काम माणसांना गारवा देण्याचे नव्हते. कागदासाठी हवेची आर्द्रता बारा महिने एकसारखी ठेवावयाची होती. कॅरिअरने हवामान खात्याची कोष्टके पुढे घेतली, गार पाण्याच्या नळ्यांवरून हवा नेली म्हणजे तिच्यातील किती बाष्प गळते याचा हिशेब केला आणि जुलै १९०२ मध्ये आराखडा तयार केला. त्या छापखान्यातील हवेची आर्द्रता शेकडा ५५ वर ठेवावयाची, असे ठरले होते. त्यासाठी दिवसाकाठी सुमारे ४९ टन बर्फ वितळावा इतका थंडावा निर्माण करावा लागला. आधुनिक वातानुकूलनाचा प्रारंभ येथून मोजतात. तेव्हा कॅरिअर अवघा पंचवीस वर्षांचा होता.

परंतु या योजनेने त्याचे समाधान झाले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्ग येथे आगगाडीची वाट पाहत तो फलाटावर उभा होता. थंडी होती आणि दाट धुके पसरले होते. धुके म्हणजे पाण्याचे सूक्ष्म कण. त्यांनी वेढलेली हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असणार. तरीही ती थंड असल्यामुळे तिच्यात एकंदर बाष्प थोडेच आहे, हे त्याच्या ध्यानी आले. मग कृत्रिम धुके निर्माण केले तर? पाण्याचा बारीक फवारा हव्या त्या तापमानावर ठेवावा आणि हवा त्यातून न्यावी. फवारा पुरेसा थंड असेल, तर हवेतील जादा बाष्प त्या थेंबांवरच जमून खाली पडेल. पाण्याने हवा भिजते हे सर्वांस ठाऊक होते. पाण्याने हवा कोरडी करावयाची, ही कल्पना मात्र ऐकणाऱ्याला उलटीच वाटे. ती पटण्यास प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळ्यात गार पाण्याने भरलेला तांब्या घरात ठेवला की त्याच्या बाहेरच्या अंगावर थेंब जमतात. ते पाणी तांब्यातून झिरपलेले नसते. ते हवेतून आलेले असते. ज्या तापमानाला असे थेंब जमू लागतात, त्याला दवबिंदू म्हणतात. कॅरिअरने या दवबिंदूवर ताबा मिळविला. २ जानेवारी १९०६ रोजी त्याच्या यंत्राला पेटंट मिळाले.

या यंत्राची पहिली कदर सूतगिरण्यांनी केली. कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो आणि दमट हवेत चिवट राहतो. पिंगळीच्या परिसरातील काळ्या जमिनीत पिकणारा कापूस असो की अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, धाग्याचा हा स्वभाव एकच. वातानुकूलन हा अर्थ सांगणारा इंग्रजी शब्दही १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर नावाच्या गिरणीतील अभियंत्यानेच प्रचारात आणला. पुढल्याच वर्षी जपानमधील एका रेशमाच्या गिरणीत कॅरिअरचे यंत्र गेले. १९११ साली त्याने तापमान, आर्द्रता व दवबिंदू यांचे परस्परसंबंध सूत्रांत बांधून ते अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या सभेपुढे मांडले. ती सूत्रे या शास्त्राचा पाया ठरली.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि बफेलोच्या कारखान्याने हा विभागच बंद करावयाचे ठरविले. कॅरिअर व त्याचे सहा सहकारी अभियंते यांनी आपापली पुंजी एकत्र केली. ती ३२,६०० डॉलर भरली. १९१५ साली त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली.

आता एका निराळ्याच अडचणीशी त्याला झुंजावे लागले. थंडावा निर्माण करणाऱ्या यंत्रांत त्या काळी बहुधा अमोनिया वायू वापरीत. तो विषारी असतो. गळती झाली तर डोळे व श्वास कोंडतो. गिरणीत एक वेळ चालेल, पण हजारो माणसे बसलेल्या नाट्यगृहाखाली असले यंत्र ठेवणे धोक्याचे होते. कॅरिअरने १९२२ साली वेगाने फिरणाऱ्या चक्राच्या जोरावर चालणारे नवे शीतयंत्र तयार केले. त्यात अमोनियाऐवजी डायलीन नावाचा, त्या मानाने पुष्कळ कमी धोक्याचा द्रव वापरला. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली नाट्यगृहात हे यंत्र बसवावयाचे होते, पण नगरातील सुरक्षा-अधिकारी परवानगी देईना. तेव्हा कॅरिअरने त्याच्या समोरच एका भांड्यात थोडे डायलीन ओतले आणि त्यात जळती काडी टाकली. अधिकारी संतापला, परंतु भडका उडाला नाही, द्रव संथपणे जळून गेला, आणि परवानगी मिळाली. उद्घाटनाच्या दिवशी प्रेक्षक नेहमीप्रमाणे हातात पंखे घेऊन आले होते. यंत्र उशिरा सुरू झाल्यामुळे प्रारंभी ते वारा घेतच बसले. मग एकेक पंखा थांबत गेला आणि शेवटी मांडीवर पडून राहिला. कॅरिअर हे पाहत होता. मुंबईत १९३३ साली उघडलेले कुलाब्याचे रीगल चित्रपटगृहही वातानुकूलित होते. त्यानंतर वर्षभराने मुंबईहून सुटणाऱ्या फ्रंटियर मेलचा एक डबा गार करण्यात आला, तो मात्र बर्फाच्या लाद्या ठेवून.

नाट्यगृहांमागून घराची पाळी आली. १९१४ साली अमेरिकेतील मिनीआपोलिस येथे एका धनिकाच्या वाड्यात बसविलेले यंत्र सुमारे २० फूट लांब व ७ फूट उंच होते. १९२८ मध्ये कॅरिअरच्या कंपनीने घरासाठी लहान यंत्र काढले. पण घराजवळ यंत्र येताच धोकाही जवळ आला. त्या वेळी घरगुती शीतपेट्यांत विषारी वायू असत. १९२९ साली शिकागो शहरात असा वायू गळून काही माणसे झोपेतच मृत्युमुखी पडली. १९३० मध्ये टॉमस मिज्ली या संशोधकाने न पेटणारा व विषारी नसलेला फ्रिऑन वायू पुढे आणला, तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यालाही पुढे वेगळा दोष निघाला. हा वायू वातावरणातील ओझोनचा थर विरळ करतो, असे १९७४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखविले, आणि १९८७ च्या माँट्रियल करारान्वये तो हटविण्यास आरंभ झाला. आज घरगुती यंत्रांत पुष्कळदा आर-३२ हा वायू असतो. तो थोडासा पेट घेणारा आहे. म्हणून वायूच्या नळ्या उघडणे, जोडणे व भरणे हे काम शिकलेल्या कारागिराचेच. हा वायू चुलीतील सरपणाप्रमाणे जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. तो कमी पडला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता दर वर्षी नुसता वायू भरून घेणे हा पैशाचा अपव्यय होय.

बाकीची निगा मात्र घरच्या माणसाने राखावयाची आहे, आणि कॅरिअरची आई ज्या रीतीने शिवणयंत्राकडे पाही, त्या रीतीने पाहिले तर ती अवघड नाही. खिडकीत बसविलेल्या एका पेटीत तीच हवा, तेच पाणी आणि तीच दवबिंदूची किमया असते. पुढच्या जाळीतून हवा आत जाते. काळ्या मातीची धूळ जेथे उन्हाळाभर उडते, तेथे ही जाळी पंधरवड्यातच भरून जाते. हवा अडली की आतील गार नळ्यांवर बर्फ धरतो, गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण पडून वीज अधिक लागते. यासाठी आधी बटण बंद करून विजेचा पुरवठा तोडावा, जाळी काढून साध्या पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि मगच बसवावी. आतील धातूच्या पात्या कागदासारख्या पातळ असतात. त्यांना कठीण ब्रश लावू नये. हवेतून गळलेले पाणी मागच्या बाजूने बाहेर पडते, म्हणून पेटीला बाहेरच्या बाजूस किंचित उतार ठेवतात. ती वाट चिखलाने किंवा शेवाळाने बुजली तर पाणी खोलीत ठिबकू लागते. मागील बाजूने उष्णता बाहेर टाकली जाते. तेथे कपडे वाळत घालू नयेत, पाखरांनी घरटे केले असेल तर पिले उडून गेल्यावर ते दूर करावे.

विजेच्या बाबतीत अधिक सावध राहिले पाहिजे. या यंत्राला स्वतंत्र तार, स्वतःचा एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवे. दिवा-पंख्याच्या लहान खोबणीत किंवा लांबविलेल्या वायरीवर ते कधीही चालवू नये. तार तापून आग लागते. खेड्यांत विजेचा दाब खालीवर होतो, तेथे स्टॅबिलायझर लावणे बरे. बंद केलेले यंत्र निदान तीन मिनिटे तरी पुन्हा सुरू करू नये, कारण आतील दाब समतोल होण्यास तेवढा अवधी लागतो. जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा एमसीबी वारंवार पडू लागला, तर वीज तोडून कारागिरास बोलवावे. यंत्राचे आवरण घरी उघडू नये. वीज तोडल्यानंतरही त्यातील कपॅसिटर नावाच्या डबीत काही काळ जोराचा धक्का देण्याइतकी वीज साठून राहते. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हे यंत्र बहुधा खोलीतीलच हवा फिरविते. बाहेरची ताजी हवा फारशी आणीत नाही. म्हणून दारे-खिडक्या लावून यंत्र चालू असताना आत शेगडी पेटविणे जिवावर बेतू शकते.

१९३० नंतरच्या मंदीत घरगुती यंत्रे फारशी खपली नाहीत. कॅरिअरच्या कंपनीलाही वाईट दिवस आले. तिने आपला कारभार १९३७ मध्ये सिरॅक्यूज शहरी एकत्र आणला. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात एस्किमोंच्या बर्फाच्या घरासारखी वास्तू उभारून तिने लोकांना वातानुकूलित हवेची प्रचीती दिली. मग दुसरे महायुद्ध आले आणि घराघरांतील गारव्याची गोष्ट पुन्हा मागे पडली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी विलिस कॅरिअर मरण पावला. तोपर्यंत अमेरिकेतही फार थोड्या घरांच्या खिडक्यांत ही पेटी बसली होती. ती झपाट्याने पसरली ती त्याच्या पश्चात.