राल्फ बॅग्नॉल्ड

राल्फ अल्जर बॅग्नॉल्ड (३ एप्रिल १८९६ – २८ मे १९९०) हे ब्रिटिश लष्करातील अभियंता-अधिकारी, वाळवंटाचे संशोधक आणि वाळूच्या हालचालींचा शास्त्रीय अभ्यास करणारे वैज्ञानिक होते. ईजिप्त, लिबिया आणि सुदान यांच्या सीमाभागातील निर्जल वाळवंट त्यांनी साध्या, बाजारात मिळणाऱ्या हलक्या मोटारींतून पार केले. दुसऱ्या महायुद्धात ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या टेहळणी पथकाची स्थापना त्यांनी केली. दूरच्या खडतर प्रवासासाठी हलकी गाडी घ्यावी की मोठी व अधिक सामर्थ्यवान गाडी, हा प्रश्न त्यांच्यापुढे आयुष्यात अनेकदा उभा राहिला आणि त्यांनी तो हिशोबाने सोडवला.

प्रारंभिक जीवन

बॅग्नॉल्ड यांचा जन्म इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे झाला. त्यांचे वडील लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स या दलात अधिकारी होते आणि खार्टूम येथे वेढल्या गेलेल्या जनरल गॉर्डन यांच्या सुटकेसाठी १८८४-८५ मध्ये गेलेल्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला होता. राल्फ यांचे बालपण काही काळ जमैका बेटावर गेले. त्यांची थोरली बहीण एनिड बॅग्नॉल्ड पुढे लेखिका म्हणून प्रसिद्ध झाली.

माल्व्हर्न कॉलेज आणि वुलिच येथील लष्करी अकादमी येथे शिक्षण घेऊन १९१५ मध्ये ते रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्स आणि बेल्जियममधील आघाडीवर काम केले. युद्धानंतर केंब्रिज विद्यापीठात अभियांत्रिकीचा अभ्यास पूर्ण करून ते लष्करात परतले. ते संदेशवहन दलात होते. १९२० च्या दशकाच्या मध्यास त्यांची नेमणूक कैरो येथे झाली. पुढे काही काळ ते हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरही होते.

वाळवंटातील मोहिमा

कैरोतील वास्तव्यात बॅग्नॉल्ड आणि त्यांचे सहकारी अधिकारी सुट्टीच्या दिवसांत स्वखर्चाने मोटारी घेऊन वाळवंटात जाऊ लागले. सिनाई द्वीपकल्प आणि सीवा मरूद्यान येथपर्यंतच्या प्रवासांनी सुरुवात झाली. नाईल नदीच्या पश्चिमेस शेकडो किलोमीटर पसरलेला ‘ग्रेट सँड सी’ हा वालुकागिरींचा प्रदेश मात्र मोटारीने ओलांडणे अशक्य मानले जाई.

त्या काळी वाळवंटी वाहनांचे दोन प्रकार डोळ्यांसमोर होते. पहिला प्रकार मोठ्या, खास बनावटीच्या गाड्यांचा होता. सीट्रोएन कंपनीच्या पुढे चाके आणि मागे पट्टे असलेल्या गाड्यांनी १९२२-२३ च्या हिवाळ्यात सहारा ओलांडला होता. ईजिप्तचे राजपुत्र कमाल अल-दिन हुसेन यांनीही लिबियाच्या वाळवंटातील आपल्या मोहिमांसाठी तशाच गाड्या वापरल्या. दुसरा प्रकार पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश गस्तीपथकांनी वापरलेल्या फोर्ड ‘मॉडेल टी’ या साध्या मोटारींचा होता. पट्ट्यांच्या गाड्या सहसा रुतत नसत. परंतु त्या संथ होत्या, इंधन अधिक घेत आणि त्यांच्यासाठी पेट्रोलचे साठे आधीच वाटेवर नेऊन ठेवावे लागत.

बॅग्नॉल्ड यांनी दुसरा मार्ग निवडला. त्यामागचा विचार सोपा होता. जड गाडीला प्रत्येक मैलामागे अधिक पेट्रोल लागते. ते पेट्रोल वाहून नेण्यासाठी आणखी वजन वाढते, आणि वाढलेल्या वजनामुळे पुन्हा इंधनाची गरज वाढते. जेथे शेकडो मैल पाणी किंवा पेट्रोल मिळण्याची शक्यता नाही, तेथे हे चक्र प्रवासाचा पल्लाच आखूड करते. शिवाय मऊ वाळूत रुतलेली हलकी गाडी तीन-चार माणसे ढकलून बाहेर काढू शकतात, तेच जड गाडीच्या बाबतीत अशक्यप्राय होते. म्हणून १९२९ पासूनच्या मोठ्या मोहिमांसाठी त्यांनी सुमारे ४० अश्वशक्तीच्या फोर्ड ‘मॉडेल ए’ मोटारी घेतल्या, त्यांवरील अनावश्यक भाग काढून टाकले आणि सामानासाठी मागे लाकडी पेटीवजा सांगाडा बसवला.

या निवडीची किंमतही मोजावी लागे. हलक्या गाडीत निवाऱ्याला जागा नसे. प्रवासी गाडीच्या आडोशाला उघड्यावर झोपत. पाण्याचा वापर मोजूनमापून करावा लागे. एकच गाडी नेणे म्हणजे जिवाशी खेळ होता. त्यामुळे नेहमी अनेक गाड्यांचा ताफा निघे, म्हणजे एखादी गाडी सोडून द्यावी लागली तरी तिच्यातील माणसे इतर गाड्यांतून परत येऊ शकत.

गाडीची उणीव त्यांनी उपकरणांनी आणि कौशल्याने भरून काढली. उकळत्या रेडिएटरमधून वाफ होऊन जाणारे पाणी वाचवण्यासाठी त्यांनी रेडिएटरपासून एक नळी बाहेर काढून पाण्याच्या डब्यात सोडली. वाफेचे तेथे पाणी होई आणि इंजिन थंड झाल्यावर ते पाणी रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. रुतलेल्या चाकांखाली घालण्यासाठी पोलादी पन्हळी वापरल्या जात. मऊ वाळूवर टायरमधील हवा कमी केली जाई, त्यामुळे टायर पसरून वजन अधिक क्षेत्रावर विभागले जाई. मोटारीतील लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नसे, म्हणून त्यांनी सूर्य-होकायंत्र विकसित केले. त्यात उभ्या सुईची सावली अंश दाखवणाऱ्या तबकडीवर पडे आणि तिच्या आधारे चालत्या गाडीतही दिशा राखता येई.

१९२९ आणि १९३० मध्ये झरझुरा या दंतकथेतील हरवलेल्या मरूद्यानाच्या शोधात ते ऐन दल्ला या झऱ्यापासून पुढे वाळूच्या समुद्रात शिरले. वालुकागिरीच्या चढावर थांबतथांबत जाण्याऐवजी पूर्ण वेग घेऊन गाडी सरळ वर नेली, तर ती माथ्यावर पोहोचते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. वाऱ्याकडील उताराची वाळू घट्ट बसलेली असते आणि वाऱ्याआडचा उतार तीव्र व भुसभुशीत असतो, हे ओळखणे गाडीच्या ताकदीपेक्षा महत्त्वाचे ठरले. १९३२ च्या मोहिमेत ते उवेनात पर्वतावरून पुढे सुदानमधील दारफूरपर्यंत गेले. झरझुरा सापडले नाही. मात्र या कामगिरीबद्दल रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९३४ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. १९३५ मध्ये ‘लिबियन सँड्स’ हे त्यांचे प्रवासवर्णन प्रकाशित झाले. त्याच वर्षी ते लष्करातून निवृत्त झाले.

वाळूचे विज्ञान

निवृत्तीनंतर लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये त्यांनी स्वतः वायुबोगदा उभारून वाऱ्याने वाळू कशी वाहते याचे प्रयोग केले. वाळूचे बहुतांश कण धुळीप्रमाणे हवेत तरंगत नाहीत, तर जमिनीलगत उड्या घेत पुढे जातात आणि आदळताना इतर कणांना गती देतात, हे त्यांनी मोजमापांसह मांडले. या विषयावरील त्यांचा ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

लाँग रेंज डेझर्ट ग्रुप

१९३९ मध्ये युद्ध सुरू होताच बॅग्नॉल्ड यांना पुन्हा सेवेत बोलावण्यात आले. पूर्व आफ्रिकेकडे जाताना भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाची टक्कर झाली आणि त्यांना ईजिप्तमध्ये उतरावे लागले. तेथे जनरल वेव्हेल यांनी त्यांना ठेवून घेतले. वाळवंटात खोलवर टेहळणी करणारे मोटारपथक उभारावे, ही त्यांची सूचना आरंभी नाकारली गेली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर वेव्हेल यांनी ती मान्य केली आणि ३ जुलै १९४० रोजी पथकाची स्थापना झाली. त्याचे पहिले सैनिक मुख्यतः न्यूझीलंडचे होते.

वाहनांचा प्रश्न येथे पुन्हा आला, आणि या वेळी निवडीवर सैनिकांचे प्राण अवलंबून होते. शत्रूच्या प्रदेशात शेकडो मैल आत गेलेल्या गस्तीला रसद पोहोचवणे शक्य नव्हते. बॅग्नॉल्ड यांनी दीड टन भार वाहणारे, केवळ मागील चाकांवर चालणारे शेव्हरोले ट्रक निवडले. त्यांची दारे, काचा आणि टपे काढून टाकण्यात आली आणि स्प्रिंगचे पाटे मजबूत केले गेले. गस्तप्रमुखासाठी पुढे वाट पाहणारी आणखी हलकी गाडी असे. मोठी वाहने त्यांनी पूर्णपणे टाळली नाहीत. पथकाच्या जड ट्रकांच्या तुकडीने पेट्रोल आणि शिध्याचे साठे ठरलेल्या ठिकाणी नेऊन ठेवले, आणि तेथून पुढचा प्रवास हलक्या गाड्यांनी केला.

१९४१ मध्ये पथकाला चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणारे फोर्ड एफ-३० ट्रक मिळाले. कागदावर ते अधिक समर्थ होते. परंतु वजनाने जड असल्याने ते सुमारे दुप्पट पेट्रोल घेत आणि गस्तीचा पल्ला त्या प्रमाणात घटे. १९४२ मध्ये त्यांच्या जागी मागील चाकांवरच चालणारे कॅनडात बनवलेले शेव्हरोले ट्रक आणण्यात आले. तोपर्यंत, १९४१ च्या उन्हाळ्यात, बॅग्नॉल्ड यांनी पथकाची सूत्रे त्यांचे जुने प्रवाससोबती गाय प्रेंडरगास्ट यांच्याकडे सोपवली होती.

उत्तरायुष्य आणि वारसा

युद्धानंतर बॅग्नॉल्ड यांनी विवाह केला आणि उर्वरित आयुष्य संशोधनाला वाहिले. नद्या व समुद्रकिनाऱ्यांवर पाण्याने गाळ कसा वाहतो, याचा त्यांनी अभ्यास केला. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेचे पेनरोज पदक (१९७०) आणि लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे वॉलस्टन पदक (१९७१) त्यांना मिळाले. वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मंगळावरील वालुकागिरींच्या एका पट्ट्याला त्यांचे नाव देण्यात आले असून ‘क्युरिऑसिटी’ या यानाने २०१५ मध्ये त्याची जवळून पाहणी केली.

टायरमधील हवा कमी करणे आणि चाकांखाली पट्ट्या घालणे हे उपाय वाळवंटातील मोटारप्रवासात आजही वापरले जातात. राहण्याच्या सोयीची छोटी व्हॅन घ्यावी की दुर्गम प्रदेशासाठीचा मोठा ट्रक, हा आजच्या दूरप्रवाशांपुढील प्रश्नही त्याच जातीचा आहे. मार्गावर पाणी आणि इंधन किती अंतरावर मिळेल, गाडी अडकल्यास ती सोडवायला किती माणसे असतील आणि सोबतच्या सामानापैकी कशावाचून चालेल, या प्रश्नांची उत्तरे बॅग्नॉल्ड यांनी वाहन निवडण्यापूर्वी शोधली. वाहनाचा आकार त्या उत्तरांवरून ठरला.