कुशीचा राखणदार : कै. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी यावी, तिची ओटी भरावी, डोहाळे पुरवावेत, ही आपल्या कोकणातील जुनी रीत. परंतु काही लेकींच्या नशिबी हा सोहळा नसे. दिवस राहत, पहिले तीन महिने सुखरूप जात, घरात आनंदीआनंद होई. आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात, फारशी कळ नाही, दुखणे नाही, अचानक सारे संपून जाई. एकदा नव्हे, दोनदा, तीनदा. मग नवससायास होत, अंगारेधुपारे होत, देवाला कौल लावला जाई. आणि बोल येई तो मात्र त्या बिचारीवर. ती जिना चढली, तिने पपई खाल्ली, तिचा पायगुणच वाईट! यात त्या स्त्रीचा काडीचाही अपराध नाही, उणे आहे ते पिशवीच्या तोंडाच्या दुबळेपणात, आणि ते शस्त्रक्रियेने सावरता येते, हे ज्यांनी जगाला दाखवून दिले, ते कै. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. स्त्रियांच्या मंडळाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र असावे हे उचितच होय.

डॉक्टरांचा जन्म 27 एप्रिल 1899 रोजी शिरोडे गावी झाला. शिरोडे म्हटले की आपणां रत्नागिरीकरांना 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचे, वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे आठवते. 1981 पर्यंत तो तालुका आपल्याच जिल्ह्यात होता. परंतु डॉक्टरांचे शिरोडे ते नव्हे. ते गोव्यातील, कामाक्षीदेवीच्या देवळाचे. त्या काळी तेथे पोर्तुगिजांचा अंमल होता. विठ्ठलरावांचे शिक्षण हुबळीस झाले व पुढे वैद्यकीचा अभ्यास करण्यासाठी ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. 1923 साली ते एम. बी. बी. एस. झाले. 1927 साली प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयांत त्यांनी एम. डी. मिळविली आणि विलायतेस जाऊन 1931 साली एफ. आर. सी. एस. ही शस्त्रवैद्याची मोठी पदवी संपादन केली. परत आल्यावर ते जे. जे. रुग्णालयाच्या परिवारात मानसेवी डॉक्टर म्हणून काम पाहू लागले, आणि 1940 साली, ज्या कॉलेजात ते शिकले तेथेच, त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली.

मोठ्या सरकारी रुग्णालयात गरिबांच्या लेकीसुना येत. त्यांत अशा वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रियाही असत. त्यांना बिछान्यावर झोपवून ठेवावे, औषधे व संप्रेरके द्यावीत, एवढाच उपाय त्या वेळी वैद्यकशास्त्राला ठाऊक होता. पुष्कळ जणींच्या बाबतीत त्याचा काही उपयोग होत नाही, हे शिरोडकरांच्या ध्यानात आले. ज्या गर्भात काही व्यंग नाही, ज्या आईची प्रकृती ठणठणीत, तेथे गर्भ राहू नये का? त्यांनी अशा स्त्रियांची बारकाईने तपासणी केली. भरलेल्या गोणीचे तोंड सैल बांधले तर भार वाढताच ते उकलते. तसेच येथे घडत होते. गर्भाशयाचे आतले तोंड काही जणींत जन्मतःच कमजोर असते, काही जणींत आधीच्या बाळंतपणात वा शस्त्रक्रियेत इजा होऊन ते दुबळे झालेले असते. चौथा-पाचवा महिना लागला, गर्भाचे वजन वाढले, की ते कळा न येताच उघडते.

अमेरिकेत लॅश नावाच्या डॉक्टरांनी 1950 साली अशा तोंडाची दुरुस्ती सुचविली होती, पण ती गर्भ नसताना करावयाची. शिरोडकरांनी पुढचे पाऊल टाकले. गर्भ पोटात असतानाच, तोंड उघडण्यापूर्वी, ते बांधून टाकावयाचे! धाडसच ते. हात जरा चुकला तर ज्याला राखावयाचे तेच जावयाचे. स्त्रीच्याच मांडीच्या स्नायूंवर जे चिवट आवरण असते, त्याची एक पट्टी ते काढून घेत. खालच्या बाजूने छेद घेऊन, मूत्राशय हलकेच वर सारून, ती पट्टी गर्भाशयाच्या आतल्या तोंडाभोवती, होता होईल तो उंचावर, गुंडाळून पक्की करीत. पोटावर छेद घ्यावा लागत नसे. पुढे मांडीच्या पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची फीत वापरण्याची पद्धत पडली.

1955 साली डॉक्टरांनी आपली ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि विशेष हे की, ती मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या आपल्या देशातील मासिकात. तरीही ती सातासमुद्रापार गेली. दोनच वर्षांनी, 1957 साली, ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मॅक्डोनल्ड या डॉक्टरांनी तिचा एक सोपा प्रकार सांगितला. बटव्याच्या तोंडाला नाडी ओवावी तसा धागा भोवताली ओवून तो आवळावयाचा. आज हे दोन्ही प्रकार जगभर चालतात. पाश्चात्त्य देशांतील वैद्यकीय ग्रंथांतही ‘शिरोडकर टाका’ हे नाव कायम आहे.

या एकाच कामावर ते थांबले नाहीत. अंग बाहेर येणे हे आपल्याकडील कष्टकरी बायांचे जुने दुखणे. बाळंतपणाला चार दिवस झाले नाहीत तोच डोक्यावर हंडा नि भारा घ्यावा लागला, तर दुसरे काय होणार? लाजेपोटी कोणी ते बोलत नसे. अशा वेळी पिशवी काढून टाकणे हा एक मार्ग असे. पण तरुण स्त्रीचे त्याने पुढचे सारेच बंद होई. शिरोडकरांनी पिशवी राखून, तिला पट्टीने पाठीच्या कण्याजवळील बळकट भागाशी टांगून धरण्याची शस्त्रक्रिया बसविली. बंद झालेल्या गर्भनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांचे काम मोलाचे मानले जाते. आणि ज्या हातांनी मुले राखली, त्याच डॉक्टरांनी नको असलेल्या बाळंतपणांतून स्त्रीची सुटका व्हावी म्हणून, 1949 साली मुंबईत निघालेल्या कुटुंबनियोजन संघाच्या उभारणीतही भाग घेतला. यात विरोध मुळीच नाही. हवे ते मूल राहावे आणि नको तेव्हा ओझे लादले जाऊ नये, या दोन्हींचे मूळ स्त्रीच्या सुखातच आहे.

सरकारने 1960 साली त्यांना पद्मभूषण व 1971 साली पद्मविभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी, 7 मार्च 1971 रोजी, ते निवर्तले.

त्यांच्या टाक्याची पारख त्यांच्या पश्चातही चालू राहिली, हे सांगितलेच पाहिजे. 1993 साली अनेक देशांतील 1292 स्त्रियांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टाका घातलेल्या स्त्रियांत शंभरांपैकी 13 जणींची, तर न घातलेल्यांत 17 जणींची प्रसूती तेहतिसाव्या आठवड्याआधी झाली. म्हणजे सुमारे पंचवीस जणींना टाका घातला तर एकीचे असे अकाली बाळंतपण टळते. म्हणून तो सरसकट सर्वांना घालावयाचा नसतो. ज्यांचे गर्भ असे पूर्वी वारंवार गेले आहेत, किंवा सोनोग्राफीत ज्यांच्या पिशवीचे तोंड आखूड होत चाललेले दिसते, अशांनाच तो उपकारक ठरतो. बहुधा बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास तो घालतात आणि सदतिसाव्या आठवड्याच्या आसपास काढून टाकतात. एका पंचवीसांश लाभाला कोणी थोडका म्हणेल. पण ती पंचविसावी स्त्री आपली लेक असेल, तर तो थोडका कसा?

भगिनींनो, डॉक्टरांच्या चरित्रातून आपण घ्यावयाचे ते एवढेच. आपल्या आळीत एखादीचा गर्भ पाचव्या महिन्यात गेला, तर तिच्या पायगुणाची चर्चा करू नये. पुन्हा दिवस राहताच, तिसरा महिना सरण्यापूर्वी, तिला जिल्हा रुग्णालयात वा जाणत्या डॉक्टरांकडे न्यावे आणि आधीची सारी हकीकत न लाजता सांगावी. टाका वेळेवर पडावयाचा तर तो वेळ घरातल्या बायकांनीच साधावयाचा असतो. कोकणात गावाला राखणदार असतो, तो वेशीवर उभा राहून गावाची राखण करतो अशी आपली श्रद्धा. शिरोडकरांनी कुशीच्या वेशीवर पहारा बसविला. त्या पहाऱ्यापर्यंत आपल्या लेकीसुनांना पोहोचविणे हे काम आपले आहे.