सिग्मंड फ्रॉइड व मनाचें चिलखत

मनुष्य दुसऱ्यापासून अनेक गोष्टी लपवितो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो त्या स्वतःपासूनहि लपवितो, हें ज्या वैद्यानें शास्त्रीय रीतीनें मांडलें, त्या सिग्मंड फ्रॉइड यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म ता. ६ मे १८५६ रोजीं मोराव्हिया प्रांतांतील फ्रायबर्ग गांवीं एका ज्यू लोंकरीच्या व्यापाऱ्याच्या घरीं झाला. पुढें १८६० सालीं कुटुंब व्हिएन्ना शहरीं आलें. १८८१ सालीं वैद्यकाची पदवी मिळवून १८८५ सालीं ते पॅरिस येथें शार्को या प्रख्यात वैद्यांजवळ अभ्यासास गेले.

परत आल्यावर त्यांच्याकडे असे रोगी येऊं लागले कीं, ज्यांचा हात लुळा पडे अथवा वाचा बसे, पण शरीरांत दोष सांपडत नसे. त्यांचें बोलणें शांतपणें ऐकतां ऐकतां फ्रॉइड यांस दिसून आलें कीं, एखादा असह्य विचार रोग्याच्या मनानें दूर लोटलेला असतो. १८९४ सालच्या निबंधांत त्यांनीं या क्रियेस संरक्षण असें नांव दिलें. विचार लोटला तरी त्याची वेदना मरत नाहीं; ती कोणाच्या शरीरांत दुखणें होऊन उतरते, तर कोणाच्या मनांत भलत्याच गोष्टीची भीति होऊन बसते. आपला नकोसा दोष मन दुसऱ्याच्या माथीं मारतें, हेंहि त्यांनीं पुढें दाखविलें. त्यांची सर्वांत धाकटी कन्या आना ह्या आरंभीं शाळेंत शिक्षिका होत्या. मनाच्या या युक्त्यांची पद्धतशीर मांडणी त्यांनींच १९३६ सालच्या आपल्या ग्रंथांत केली.

१९२३ सालीं फ्रॉइड यांस जबड्याचा कर्करोग जडला. तीसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी त्यांनीं लेखन सोडलें नाहीं. १९३८ सालीं नाझींनीं ऑस्ट्रिया घेतला व आना यांस गुप्त पोलिसांनीं चौकशीस नेलें. तेव्हां वृद्ध फ्रॉइड कुटुंबासह लंडनला गेले, व तेथेंच ता. २३ सप्टेंबर १९३९ रोजीं निवर्तले. मागें राहिलेल्या त्यांच्या चार बहिणी नाझींच्या छळास बळी पडल्या.

धर्म हा त्यांनीं भ्रम मानला. तें मत आम्हांस मान्य नाहीं. त्यांचीं कित्येक अनुमानें पुढील शास्त्रज्ञांनींहि नाकारलीं. तथापि स्तोत्रकर्ता देवापुढें आपलें अंतःकरण उघडें करितो, तें किती कठीण आहे हें या वैद्यामुळें अधिक उमगतें. विद्यार्थ्यांनो, गुण कमी पडतांच परीक्षकास दोष देण्यापूर्वीं क्षणभर स्वतःकडे पाहा. आणि पालकहो, मूल खोटें बोललें तर छडी उचलण्यापूर्वीं तें कशास भितें, हें आधीं विचारा.